बेचाळीस नंबरची स्ट्रॉबेरी

वॉटफर्डच्या वैजयंती ताम्हनकर लंडनबाहेरच्या एका युनिव्हर्सिटीच्या काचघरात स्ट्रॉबेरीच्या नव्या जाती तयार करायच्या. नवरा सतीश इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून आला, त्याच्याबरोबर त्याही आल्या आणि इथेच रमल्या. दोन जातींचा संकर करायचा, बियांपासून रोपं वाढवायची, चांगली ठेवून बाकीची उपटून टाकायची, असं ते काम.

एका वर्षी बेचाळीस नंबरच्या रोपाला अशी फळं लागली की काचघराचं दार उघडताच वास यायचा. त्यांनी थोडी डब्यातून घरी नेली. सतीश फळ खायचं सोडून हुंगतच बसला.

"वैजू, हे तू केलंस?"

"झाडानं केलं. मी नुसता परागकणांचा ब्रश फिरवला," त्या हसून म्हणाल्या.

पण फळ फार मऊ होतं. दुकानात पोचेपर्यंत पाणी सुटायचं. सुपरमार्केटांना टिकाऊ फळ हवं होतं. शेवटी जागा अपुरी पडली आणि काय ठेवायचं हे त्यांनाच ठरवायचं होतं.

"त्याचा एखादा फुटवा, रनर, घरी लाव की," सहकारी नीना म्हणाली. "कुणाला कळतंय?"

"रूल्स आहेत, नीना. आणि मऊ फळाला विचारतो कोण?"

त्यांनी स्वतःच ते रोप उपटलं. त्यांची दुसरी, कडक जात केंट परगणाभर शेतांतल्या प्लॅस्टिकच्या पॉलीटनेलांमध्ये लागली. नाव झालं, प्रमोशन मिळालं.

काही वर्षांनी युनिव्हर्सिटीच्या ओपन डेला एक बागायतदार बाई त्यांना म्हणाल्या, "दिसायला सुरेख आहे हो, पण गिऱ्हाईक आता वास मागतं. तसं काही आहे का तुमच्याकडे?"

"होतं," एवढंच त्या बोलल्या.

मग बेचाळीस नंबर ज्यांतून आला त्याच दोन जातींचा संकर त्यांनी पुन्हा केला, पुन्हापुन्हा केला. पण एका आईबापाची मुलं सारखी थोडीच निपजतात? रोपं शेकडो आली, तो वास एकालाही नव्हता. सतीश म्हणायचा, "जाऊ दे गं आता." त्या पुढच्या बिया पेरायच्या.

यंदा त्या रिटायर झाल्या. अजूनही मधूनच काचघरात जातात. परवा नीना एका रोपाशी थांबली.

"हे काढू ना? फळ मऊ आहे."

"अजून एक सीझन बघ ना."

"जागा कुठे आहे, वैजयंती?"

"हो गं. माहीत आहे मला."

त्या चहा करायला आत गेल्या आणि नीनाचं काम संपेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.