नंजुंडेश्वराला बोललेली दाढी

दाढी वाढवून पाच महिने झाले होते आणि नवसाला गुण काही येत नव्हता. खरं सांगायचं तर त्याच्या आधीपासूनच माझ्या मनात पाल चुकचुकत होती, की वर कुणी ऐकणारं आहे तरी का. पण बायको आजारी असताना असलं काही तोंडाने म्हणायची माझी छाती नव्हती. कमलला फुफ्फुसांचा आजार होता. ओला स्पंज वाळून कडक व्हावा तशी ती कडक होत जातात, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यानंतरच्या रविवारी मी एकटा नंजनगूडला गेलो, कपिला नदीत बुडी मारली आणि ओलेत्याने नंजुंडेश्वरासमोर बोललो, हिला बरं कर, तोवर केसांना आणि दाढीला कात्री लावणार नाही, बरी झाली की तुझ्या दारात मुडी देईन. मुडी देणं म्हणजे डोक्यावरचे, दाढीचे सगळे केस देवाला वाहणं. आमच्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहिलेल्या मराठी घरांनी हा नवस कन्नड शेजाऱ्यांकडून घेतला आणि आता तो आमचाच झाला आहे. विष पचवलेला देव तो, दुखणेकऱ्यांचा वैद्य. आम्हाला मूलबाळ नाही, घरात आम्ही दोघंच. मी आणखी कुणाच्या दारात जाणार होतो?

कमलला मात्र ती दाढी पहिल्यापासून आवडली नाही. महिनाभरात तिने कपाळाला हात लावला. "अहो, देवाला हवी असेल दाढी, मला नवरा हवाय. निदान ओठांवरची तरी स्वल्प कापा की! तुम्ही हसताय का रागावलाय, काही कळत नाही." मी म्हटलं, नवसात स्वल्प-बिल्प चालत नाही. "सरी सरी, बरं," ती म्हणाली, "बसा मग जांबुवंतासारखे." तेव्हा तिला बोलता येत होतं, धाप लागायची तरी चिडवल्याशिवाय राहायची नाही.

आमचं घर बनशंकरीला, आणि राजाजीनगरच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवतो, विभागप्रमुख आहे. त्याच वर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात रेणुका आली. निपाणीकडची मुलगी, घरची भाषा मराठी. सातव्या वर्षी तापात तिचे कान गेले. समोरच्याचे ओठ वाचून तिला समजतं, आणि बोलते तेव्हा आवाज सपाट येतो, शब्दांच्या कडा झिजल्यासारखा. पहिल्याच आठवड्यात तिने माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. सरांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये, आणि मिशा ओठांवर येतात त्या थोड्या कापल्या तर तिला वाचता येईल, अशी तिची विनंती होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काल आलेली पोर मला मिशा कापायला सांगते! "ही देवाची आहे," मी म्हटलं. तिला अर्थातच तेही कळलं नाही. माझ्या तोंडाकडे टक लावून ती म्हणाली, "परत सांगा ना, सर." मी हात झटकला. "काही नाही, काही नाही. जा."

पुढे प्राचार्यांनी आम्हा शिक्षकांसाठी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं, दिव्यांग विद्यार्थ्यांना कसं शिकवावं यावर. बाहेरून एक बाई आल्या होत्या. मी शेवटच्या रांगेत बसून पेपर तपासत होतो, तरी त्यांचं एक वाक्य कानात शिरलंच. त्या म्हणाल्या, "ऐकू न येणाऱ्या मुलाने 'काय म्हणालात?' असं विचारलं आणि तुम्ही 'काही नाही, जाऊ दे' म्हणालात, की तुम्ही त्याला हाताला धरून खोलीबाहेर काढलंत." नंतर त्या चेहरा मोकळा ठेवण्याबद्दल बोलू लागल्या आणि झाडून सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. कोणीतरी फिसकन हसलं. मला दवाखान्यात जायचंय, असं सांगून मी उठलो. दवाखान्यात त्या दिवशी काहीच काम नव्हतं.

रेणुकाला मी माझ्या नोट्सच्या झेरॉक्स देत गेलो आणि तेवढ्यावर स्वतःला दानशूर समजत राहिलो. मग प्रॅक्टिकलमध्ये ते घडलं. पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी नव्हे, हे मी सगळ्यांना ओरडून सांगितलं होतं. पण तिच्या बाजूला माझी पाठ होती. तिने उलट केलं. ॲसिड उसळलं आणि तिचं मनगट भाजलं. नळाखाली तिचा हात धरून मी तिलाच रागावत होतो आणि ती रडत रडत माझ्या दाढीकडे बघत होती, मी काय म्हणतोय ते शोधत. दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांना पत्र दिलं, की या विद्यार्थिनीला तिच्या सुरक्षिततेसाठी प्रॅक्टिकलमधून सूट द्यावी. तिला गावाकडच्या औषधाच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत नोकरी करायची होती, हे मला ठाऊक होतं. तरी दिलं. तिला म्हटलं, "तुझ्या भल्यासाठीच." त्यानंतर ती माझ्या वर्गाला यायची बंद झाली.

मला तिचा विचार करायला सवड मिळाली नाही, कारण कमलला न्यूमोनिया झाला. आधी व्हेंटिलेटर, मग पंधरा दिवसांनी गळ्याला भोक पाडून नळी. त्या नळीने श्वास चालू राहिला आणि आवाज गेला. शुद्ध होती. ओठ हलायचे. हातात पेन्सिल धरण्याइतकीही ताकद नव्हती, अक्षरांचा तक्ता दाखवला तर बोट थरथरत भलतीकडेच जायचं. काहीतरी एकच सारखं सांगायची ती. मी विचारायचो, पाणी? अंगारा लावू? देवाचं तीर्थ? ती डोळे मिटून घ्यायची. मला वाटलं तिचा जीव घुसमटतोय, म्हणून मी अंगावरचं जाड पांघरूण काढायला लावलं, सिस्टरांच्या मागे लागून एसी वाढवून घेतला. ती पुन्हा ओठ हलवायची. शेवटी मीच थकून म्हणायचो, "जाऊ दे कमल, काही नाही, तू पडून राहा." तिसऱ्या दिवशी तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे पाठ कधी केली नव्हती. मी बाहेरच्या बाकावर येऊन बसलो आणि देवाला शिव्या दिल्या. आज लिहितानाही लाज वाटते, पण दिल्या.

चौथ्या दिवशी चार ते पाचच्या भेटीच्या वेळेत रेणुका तिथे आली. हातात कॉलेज सोडण्याचा फॉर्म होता. विभागप्रमुखाची सही राहिली होती, आणि मी रजेवर म्हणून ऑफिसने तिला दवाखान्याचा पत्ता दिला होता. वडील गावाहून न्यायला आले होते, खाली उभे होते. मी मास्कमधूनच तिच्यावर खेकसलो, "इथे? सहीला इथे आलीस?" तिला काय कळणार? पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. काचेच्या दारातून आत, कमलच्या खाटेकडे बघत होती. सिस्टरांनी कमलला कूस बदलून दाराकडे तोंड करून निजवलं होतं.

"सर," रेणुका म्हणाली, "काकूंना थंडी वाजतेय."

मला वाटलं, पोरगी काहीतरीच बोलतेय. ती काचेला हात लावून पुढे म्हणाली, "त्या म्हणतायत, थंडी वाजते, पांघरूण द्या. परत परत तेच म्हणतायत."

अरे देवा! चार दिवस ती कुडकुडत होती आणि मी तिच्या अंगावरचं काढून घेत होतो. मी धावत आत गेलो, दोन पांघरुणं घातली, पाय चोळले. सिस्टरांच्या हातापाया पडून रेणुकाला आत घेतलं. ती खाटेशी वाकली आणि कमल तिच्याशी बोलू लागली, म्हणजे नुसते ओठ, आणि रेणुका तिच्या त्या सपाट आवाजात एकेक वाक्य मला देत गेली. "तू कोण, विचारतात." सरांची विद्यार्थिनी, असं रेणुकाने सांगितलं. कमलच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी ती जुनी खोडकर चमक आली. रेणुका वाचता वाचता थांबली, मग म्हणाली, "विचारतात, हे नीट शिकवतात का गं?"

मी खाली बघितलं. ही मुलगी आता माझी अब्रू राखेल, अशी मला आशा वाटली होती. पण तिला खोटं बोलायची सवय नव्हती.

"मला दिसत नाही, काकू," ती म्हणाली. "दाढी आहे."

कमल हसली. आवाज नाही, नुसते खांदे हलले, नळी खरखरली. मग माझ्याकडे बघून तिने दोनच शब्द उच्चारले. ते मला रेणुकाच्या मदतीशिवाय कळले. "काढा ती." आणि त्यानंतर बराच वेळ, दमून दमून, ती आणखी काही सांगत राहिली. रेणुकाचा चेहरा उतरला. तिने माझी बाही धरली. "सर, त्या म्हणतायत, आता पुरे. मला घरी न्या. आपल्या खोलीत."

मी तिथेच जमिनीवर बसलो. देवाकडे मी मागत होतो तिचा जीव, आणि ती माझ्याकडे मागत होती घर. पाच महिन्यांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, तुला काय हवंय म्हणून.

फॉर्मवर मी सही केली नाही. फोनवर लिहून रेणुकाला दाखवलं, "सूट द्या म्हटलं ती माझी चूक. पत्र मागे घेतो. परत ये." तिने वाचलं, पण हो म्हणाली नाही; फक्त वडिलांना त्या दिवशी एकटंच गावी परत पाठवलं. त्याच संध्याकाळी दवाखान्याजवळच्या गल्लीत न्हाव्याकडे गेलो. त्याने कात्री उचलली तेव्हा मी एकदा त्याचा हात धरला, कारण नवस मोडला की माणूस जातं, असंच लहानपणापासून ऐकत आलो होतो. केस मात्र मी वर्तमानपत्रात गुंडाळून मागून घेतले. आरशात एक म्हातारा, रडवेला, गुळगुळीत माणूस होता. कमलने बघितला आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

डॉक्टरांनी साफ सांगितलं की घरी नेलंत तर थोडेच दिवस. ती घरी बारा दिवस होती. तेवढ्यात रेणुका दोनदा राजाजीनगरहून बस बदलत बनशंकरीला आली आणि तिने मला शिकवलं. नुसते ओठ बघायचे नाहीत सर, गाल बघा, डोळे बघा. प, ब, म सारखेच दिसतात, तिथे अंदाज करायचा. कळलं नाही तर लाजायचं नाही, परत विचारायचं. मी जन्मभर शिकवत आलो आणि पहिल्यांदा विद्यार्थी झालो, तोही मठ्ठ. कमल तीनतीनदा सांगायची, न कंटाळता. कुंडीला पाणी घाला. माझी हिरवी साडी शेजारच्या अक्कांना द्या. तुम्ही वेळेवर जेवा. शेवटी मला सगळं कळायचं.

बाराव्या दिवशी दुपारी, मी उशी सरळ करत होतो तेव्हा ती काहीतरी म्हणाली. तीन किंवा चार शब्द असतील. माझं लक्ष उशीकडे होतं. मी वळून म्हटलं, "परत सांग ना." ओठ अर्धवट उघडले आणि तसेच राहिले.

दिवसकार्य झाल्यावर वर्तमानपत्राची पुडी घेऊन मी नंजनगूडला गेलो. घाटावरच्या न्हाव्याने माझ्या गुळगुळीत चेहऱ्याकडे बघून कन्नडमध्ये विचारलं, मुडी द्यायची का? मी म्हटलं, दिली आहे. पाण्यात उतरून पुडी सोडली. केस थोडा वेळ पसरून तरंगले, मग गेले. देवासमोर उभा राहिलो तेव्हा काही मागायचं सुचलं नाही. त्याने माझा नवस ऐकला नाही, हे खरं. पण ज्या दिवशी मला सगळ्यात जास्त गरज होती, त्या दिवशी, ज्या एका माणसाला मी दारातून घालवलं होतं, तिलाच त्याने माझ्या दारात आणून उभं केलं, हेही तेवढंच खरं. याला कृपा म्हणायचं की योगायोग, यावर मी आता वाद घालत नाही. हात जोडतो. ते शेवटचे शब्द काय होते, हे आरशासमोर ओठ हलवून मी कित्येक दिवस शोधलं. आता ते त्याच्यापाशीच ठेवले आहेत.

रेणुका परत आली. माझ्या विषयात ती त्या सत्रात नापास झाली होती, ती परीक्षा तिला पुन्हा द्यावी लागणार आहे, आणि तो दोष माझा आहे. ती पहिल्या बाकावर बसते, आणि मी फळ्याकडे वळून बोललो की हात वर करते. परवा स्टाफरूममध्ये एक नवे प्राध्यापक कुरकुरत होते, "अहो, एकच गोष्ट तिला तीनतीनदा सांगायची? पोर्शन कधी संपणार?" पूर्वी मीच असं म्हणालो असतो. मी चहा खाली ठेवला आणि त्यांना सांगितलं, "सांगा हो. विचारतेय तोवर सांगा. मी ज्या दिवशी 'परत सांग' म्हटलं, त्या दिवशी सांगणारं माणूस उरलं नव्हतं."