सीतेची लिसू बोली

सीतेला नवा मराठी शब्द सांगितला की ती तो तीनदा म्हणायची, एकदा चढ्या सुरात, एकदा उतरत्या, एकदा सपाट. मग विचारायची, "अक्का, यातलं खरं कोंचं?" 'पानी' हा शब्द ती असा घोळवू लागली तेव्हा बेलापुरातल्या आमच्या विहिरीवरच्या बायका पोट धरून हसल्या. "कसंबी म्हन गं, पानीच हाय ते!" ती मात्र चकित झाली. तिच्या लिसू बोलीत सूर बदलला की अर्थच बदलायचा.

आमचा शेजारी धोंडिबा ब्रह्मदेशात लाकडाच्या ठेकेदाराकडे कामाला होता. तिथल्या उत्तरेकडच्या डोंगरातल्या या मुलीशी त्याने लग्न केलं. लढाईत जपानी तिथे घुसले तेव्हा दोघं जंगलातून चालत आसामात उतरली आणि तिथून गावी आली. सीता हे नाव सासूने ठेवलेलं. मूळ नाव धोंडिबाशिवाय कुणालाच नीट घेता आलं नाही.

सासूने बजावलं होतं, "माझ्या घरात ती चिवचिव नगं." धोंडिबा आईला उलटून बोलला नाही. पण उसाला पाणी द्यायला जाताना तो रोज तिला बरोबर नेऊ लागला. बांधावरून जाताना त्यांचं बोलणं कानी यायचं. तो तिच्या बोलीत अडखळायचा, ती खळखळून हसायची. घरी असं हसताना मी तिला कधी पाहिलं नाही.

लढाई संपता संपता धोंडिबा तापाने गेला. तेरावा झाल्यावर सीता माझ्याकडे आली. "अक्का, मी थोडं बोलू? तुमी नुसतं ऐका." हातातलं सूप खाली ठेवून मी बसले. ती आपल्या बोलीत किती वेळ बोलली! मला काही कळलं नाही. पुढे ती रोजच येऊ लागली.

वर्षभराने लढाईत ब्रह्मदेशातून पळून आलेली काही कुटुंबं नगरहून तिकडे परत निघाली, तेव्हा तीही निघाली. स्टेशनवर मी विचारलं, "तिकडे तरी तुझं कोण उरलं असेल?"

"कुनी नसंल, अक्का. पन वाटंवरल्या मानसाला हाक मारली, तर त्यो वळून बगंल."

सासू सोबत आली होती. गाडी गेल्यावर परतताना तिने विचारलं, "लई बोलायची न्हवं तुझ्यापाशी? काय म्हनायची?"

"कळायचं नाही, काकू."

"आमच्या धोंड्याचं नाव यायचं का त्यात?"

"यायचं. सारखं यायचं."

म्हातारी तिथेच रस्त्याच्या कडेला खाली बसली.