दाब आतनं का भायेरनं

हवाई दलात होतो म्हटलं की आमच्याकडची माणसं लगेच विचारतात, विमान चालवायचास का? नाही. मी हेलिकॉप्टरचं इंजिन बघायचो, आणि तेही अशा डोंगरात की जिथं आठ महिने बर्फ आणि उरलेले चार महिने बर्फाची वाट बघणं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचा तळ म्हणजे पत्र्याच्या चार शेड, सपाट केलेली थोडी जागा आणि आठवड्यातून एकदा मिळणारा फोन.

फोनचा वार आणि गावाकडचा बेल्ह्याच्या बाजाराचा वार एकच, हे माझं नशीब. आमच्या वस्तीवर तेव्हा फोन नव्हता. आबा, म्हणजे माझे वडील, बाजाराला आले की शेठच्या खत-औषधांच्या दुकानात बारा वाजता येऊन बसायचे. मला तीन मिनिटं मिळायची. शेजारी सिग्नलचा हवालदार बसलेला असायचा. जागेचं, हवेचं किंवा यंत्राचं नाव निघालं की फोन कट. बरं, मराठीत बोलून सुटावं, तर तो साताऱ्याचा निघाला. चहापेक्षा किटली गरम असा माणूस.

त्या दिवशी आमच्यातला एक जण आजारी होता. ओरिसाचा, माझ्याच वयाचा, हेलिकॉप्टरच्या बॉडीचं काम बघणारा. उंचीवर फुप्फुसात पाणी होतं तसं त्याला झालं होतं. खोकताना गुलाबी फेस यायचा. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळच्या आत खाली नेलं नाही तर काही खरं नाही. त्याला न्यायला सकाळी नऊला हेलिकॉप्टर उतरलं आणि पंधरा मिनिटांत वाऱ्यानं शेडचा पत्रा उचलून त्याच्या पुढच्या काचेवर आणून आपटला.

काच म्हणजे जाड प्लॅस्टिकच. तिला पायलटच्या पायांपासून वर हातभर चीर गेली होती. उडताना ती चीर पळाली तर काच आत येणार. दुसरं हेलिकॉप्टर ढगांमुळे निघू शकत नव्हतं. वायरलेसवर विचारलं, तर खालून उत्तर आलं: काच बदला. नवी काच त्यांच्याच गोदामात, खाली! काचेचं काम येणारा आमच्याकडं एकच माणूस होता, आणि तो तोंडाला ऑक्सिजन लावून पडला होता. मी त्याच्या उशाशी जाऊन विचारलंही. त्यानं बोटांनी हवेत काहीतरी शिवल्यासारखं केलं आणि डोळे मिटले. मला काही कळलं नाही.

पायलटनं मला विचारलं, ‘कर लोगे?’ मी म्हणालो, ‘हाँ, सर.’ का म्हणालो ते देव जाणे. इंजिनातलं मला कळत होतं, प्लॅस्टिकमधलं ओ की ठो येत नव्हतं. पुस्तक उघडलं, तर त्यात सगळं बदलायचं कसं ते होतं, जोडायचं कसं ते नव्हतं. एवढ्यात फोनसाठी माझा नंबर लागला. मी गेलो, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

फोन शेठनं उचलला. मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज. मग आबा आले.

‘आबा, फवारणीच्या पंपाची टाकी चिरली तर तुम्ही कशी शिवता?’

हे तोंडातून कसं निघालं ते मलाच ठाऊक नाही. आबा प्लॅस्टिकची टाकी तारेनं शिवायचे, हे एकदम आठवलं आणि त्या हवेतल्या बोटांचा अर्थही लागल्यासारखा वाटला. हवालदारानं मान वर केली.

‘तुज्याकडं पंप कुटनं आला?’ आबांनी विचारलं.

‘हाय एक हितं. सांगा ना.’

‘कुठला पंप?’ पलीकडून शेठ ओरडले. ‘आमच्या दुकानातला न्हाई ना?’

‘आदी चिरीच्या टोकाला भोक पाड,’ आबा म्हणाले. ‘न्हायतर चीर पळत जाती. आन चीर दिसती तितं संपत न्हाई. बोटभर म्होरं पाड. गार असंल तर शेकून घे, मंग दोन्ही अंगाला भोकं आन तारंचं टाकं. लई आवळू नको, तार कापाया लागती.’

मी तळहातावर पेनानं लिहीत होतो.

‘रबरी ट्यूबची पट्टी घालाया लागंल,’ ते म्हणाले. ‘दाब आतनं हाय का भायेरनं?’

उडताना काचेवर वारा बाहेरून दाबणार होता. फवारणीच्या पंपात दाब आतूनच असतो. हे बेल्ह्याच्या बाजारातलं शेंबडं पोरगंही सांगेल. आतनं म्हणावं, तर पट्टी चुकीच्या बाजूला बसायची. हवालदाराचं बोट फोनच्या बटणावर होतं.

‘भायेरनं,’ मी म्हणालो.

पलीकडून नुसतीच घुंगरं वाजत होती, शेठ कुणाला तरी युरियाचा भाव सांगत होते. 

‘मंग पट्टी भायेरनं लाव,’ आबा म्हणाले. ‘आन टाकं जवळ जवळ घाल.’

वेळ संपली. आईची चौकशी करायची राहून गेली. हवालदार माझ्याकडं बघत म्हणाला, ‘कसला पंप रं तुझा?’ मी शेडकडं पळालो.

चीर कुठं संपते हे ठरवण्यातच माझा घाम निघाला. डावीकडून बघावं तर एका जागी संपायची, उजवीकडून बघितलं की दुसऱ्या. गरम पाण्याच्या पिशवीनं काच शेकली, बोटभर पुढं खूण केली आणि हातानं फिरवायच्या ड्रिलनं भोक पाडलं. टक् असा आवाज आला, मी ड्रिल थांबवून वाकून बघितलं. भोकाची कड तेवढी तुटली होती. तार आमच्याकडं भरपूर होती, नट ढिले होऊ नयेत म्हणून बांधायची. बाहेरून ट्यूबची पट्टी आणि जवळ जवळ टाके. किती आवळलं म्हणजे लई, हे मात्र विचारायचं राहिलं होतं.

पायलटनं टाक्यांवरून अंगठा फिरवला. आजारी माणसाला आत झोपवलं. आणखी कुणाचं वजन चालणार नव्हतं, म्हणून मी तळावरच राहिलो. पाऊण तासानं वायरलेसवर निरोप आला, पोचले. पुढं दोन आठवड्यांनी तो बरा झाल्याचंही कळलं. वरिष्ठांनी मला एकाच पत्रात शाबासकी दिली आणि असं पुन्हा कधीही करायचं नाही म्हणून तंबीही. ते पत्र मी चार वेळा वाचलं. चांगलं केलं का वाईट, मला आजही नक्की सांगता येत नाही.

पुढच्या फोनच्या दिवशी एक घंटी पुरती वाजायच्या आत फोन उचलला गेला. शेठ नव्हते, आबाच होते.

‘आबा, मी बोलतोय.’



‘म्हंजी उतरलं,’ आबा म्हणाले.

मी हवालदाराकडं बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. मी तर निरोप आला त्याच दिवशी पोटभर जेवून झोपलो होतो. आठवडाभरात बेल्ह्याच्या त्या दुकानाची मला एकदाही आठवण झाली नव्हती. लाज वाटली.

‘उतरलं, आबा.’

 फोन कुणीतरी हातातून घेतल्याचा आवाज झाला.

‘अरे, काय झालंय त्या पंपाला?’ शेठ म्हणाले. ‘हप्ताभर हा माणूस बाजार नसताना रोज हितं येऊन बसला. माझा पोरगा त्यात बसलाय म्हनत व्हता. आन आता रडतोय.’