साठातले सहा

लाठी जमिनीवर टेकवून कुणी जरा विसावला, की वस्ताद मागून यायचे आणि पायाच्या अंगठ्याने लाठीचं टोक हलकेच सरकवायचे. लाठी घसरायची आणि तिच्यावर भार टाकलेला माणूस पुढे झोकांडायचा. पडू मात्र ते कुणाला देत नसत. त्यांचा हात आधीच दंडापाशी आलेला असायचा.

"पाय दोन हायेत ना? तिसरा काऊन मागून राह्यला?"

एवढं बोलून ते पुढच्याकडे वळायचे. त्यांनी आवाज चढवल्याचं मला आठवत नाही.

सिंदी मेघेत आमच्या लेआउटच्या मागे एक मोकळी जागा आहे. कडेला एक कडुनिंब, बाकी काळी माती. तिथे ते सकाळी लाठी शिकवत. कॉलेजच्या काही मुली, शिवणकाम करणाऱ्या शीलाताई, दोनचार निवृत्त मंडळी आणि मी. मी कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेब पाहतो. खुर्चीत बसून बसून खांदे पुढे आले, कंबर धरू लागली, तेव्हा बायकोने मला तिथे धाडलं. पहिले कितीतरी दिवस वस्तादांनी माझ्या हातात लाठी दिलीच नाही. नुसतं उभं राहायला लावलं.

"मुनीमजी, टाळू आभायाकडं, माकडहाड जमिनीकडं. आन् गुडघ्याले कुलूप लावू नोका."

मी हिशेबाचा माणूस म्हणून त्यांनी मला मुनीमजी केलं होतं. आयुष्यभर उभा राहत आलो होतो, पण मी गुडघ्यांना कुलूप लावून उभा राहतो हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. तुम्हीही कधी स्वतःकडे बघा, बहुधा तसंच आढळेल.

वस्ताद एसटीत कंडक्टर होते. एकदा त्यांच्या गावी, रोहण्याला, आम्ही सगळे लाठीची प्रात्यक्षिकं करायला बसने गेलो. त्यांना जागा मिळाली होती, ती त्यांनी एका बाईला दिली आणि मधल्या वाटेत उभे राहिले. हात मोकळे. वळणावर मी वरच्या दांडीला वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा झुललो. ते स्वयंपाकघरात उभे असल्यासारखे उभे.

"बस वयली का डोक्यानं नोका जाऊ," ते मला म्हणाले, "कमरेतून सोडा. मंग बसच तुमाले संभायते."

निवृत्त झाल्यावरही त्यांचे पाय ड्युटीवरच होते.

काट्यांची गोष्ट माझ्यामुळे सुरू झाली. फिरून वार करताना मी दर वेळी डावीकडे कलायचो. वस्ताद म्हणाले, तुमचा भार डाव्या पायावर राहतो. मी म्हणालो, दोन्हीवर सारखा आहे. ते म्हणाले, नाही. असा वाद नुसत्या बोलण्याने मिटत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी मी वजनाचे दोन काटे घेऊन गेलो. एक घरचा, एक मेव्हण्याकडचा. दोन्हीवर आधी स्वतः उभं राहून पाहिलं होतं. मेव्हण्याचा काटा अर्धा किलो जास्त दाखवायचा, तसं त्याच्यावर खडूने लिहिलंही होतं. एका काट्यावर डावा पाय, दुसऱ्यावर उजवा. डावीकडे एक्केचाळीस भरलं, उजवीकडे पस्तीस. वस्ताद नुसते हसले.

मग सगळ्यांनाच हौस आली. शीलाताईंनी मात्र अट घातली, "एकेका पायाचं सांगा भाऊ, बेरीज नोका करू." मुली हसून हसून काट्यावरून उतरल्या. कुणाचा भार टाचेवर, कुणाचा एका कुशीला. वस्ताद एकेकीला खांद्याने, कमरेने जरासं हलवायचे आणि काटे सारखे व्हायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून सांगतो.

"आता तुमी, वस्ताद," शीलाताई म्हणाल्या.

ते चढले. डोकं ताठ, गुडघे सैल, जसं शिकवत अगदी तसं. डावीकडे सदतीस. उजवीकडे तेवीस.

कुणीतरी म्हणालं, काटे बिघडले असतील. वस्ताद उतरले, काट्यांची अदलाबदल केली आणि पुन्हा चढले. आता पाय बदलले नव्हते, काटे बदलले होते. खडूचा अर्धा किलो धरून आकडे तेच.

"काटे खरे हायेत," ते म्हणाले. "चला, पवित्रा घ्या."

जाताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मुनीमजी, हे आता घरी ठेवजा."

उजवा पाय काही दिवसांपासून हलका लागत होता, हे त्यांना माहीत होतं. किती हलका, ते त्या सकाळी कळलं. मी डॉक्टरकडे जायला सांगितलं. "पाह्यतो," म्हणाले. पाहिलं ते अंगणात पडल्यावर. कमरेतली नस दबली होती आणि पाय पूर्वीसारखा होण्याची आशा डॉक्टरांनी दिली नाही. काठी घेऊन चाला म्हणाले, पुन्हा पडलात तर अंथरुणाला खिळाल म्हणाले.

त्या दिवसापासून वस्ताद मैदानावर यायचे बंद झाले. आम्ही आपले जमायचो, जुनेच हात फिरवायचो. मुली एकेक करून गळू लागल्या. शीलाताई म्हणाल्या, "वस्ताद नाई तं मैदान नुसता प्लॉट हाय." मी एका रविवारी वस्तादांच्या घरी गेलो.

त्यांच्या पत्नीने, काकूंनी, चहा ठेवला आणि स्वयंपाकघरातूनच गाऱ्हाणं सुरू केलं. "डॉक्टरनं काठी सांगतली, तं म्हनते, पोरीइले जे करू नोको म्हनलं तेच म्या त्याइच्यासमोर करू काय? घरात भिंत धरून फिरते. मले विचारा, सारा चुना हाताले लागते."

"भिंत धरल्याचं कोनी पाह्यत नाई," वस्ताद पलंगावरून म्हणाले.

त्यांची लाठी कोपऱ्यात उभी होती. तिच्याकडे न बघता ते मला म्हणाले, "एकदा टेकली का झालं, मुनीमजी. मंग मानूस उभा नसते, काठी उभी असते. मानूस तिले लटकलेला राह्यते. असं मैदानात जाऊन लटकन्यापरीस घरी बरा."

हे ते चिडून बोलले असते तर मी समजूत घातली असती. ते शांतपणे बोलले, म्हणून समजूत घालण्यात अर्थ नव्हता. मी एवढंच विचारलं.

"किती भार जातो ते मोजू या का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमाले मोजल्याबिगर जेवन तरी पचते का?"

पण नाही म्हणाले नाहीत. मी स्कूटरवर जाऊन दोन्ही काटे आणले आणि पलंगाजवळ भिंतीशी मांडले. काकू गॅस बंद करून येऊन उभ्या राहिल्या. वस्ताद आधी काही न धरता उभे राहिले. डावीकडे एकोणचाळीस, उजवीकडे एकवीस. तेवढ्यानेही त्यांच्या कपाळावर घाम आला. मग मी लाठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती काट्यांबाहेर फरशीवर टेकवली. टेकवताना त्यांनी डोळे मिटले होते.

बत्तीस आणि बावीस.

"काय भरलं?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"चोपन्न."

"कायचे चोपन्न?"

"तुमच्या पायांचे. काठी नव्हती तेव्हा साठ होते. सहा काठीने घेतले."

त्यांनी डोळे उघडले आणि खाली पाहिलं. पण वाकल्यावर काटा हलतो, म्हणून पुन्हा ताठ झाले.

"पुन्हा पाहा. तो खडूवाला अर्धा किलो वजा केला का?"

"केला. चोपन्नच आहेत."

"साठातले सहा," ते स्वतःशीच म्हणाले. "मले वाटलं सारेच जाते."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि चहा गाळायला गेल्या. वस्ताद बराच वेळ तसेच उभे राहिले. टाळू आभाळाकडे, गुडघे सैल. लाठी हातात होती, पण तिला ते लटकले नव्हते.

चारेक दिवसांनी ते मैदानावर आले. लाठी टेकवत, हळूहळू, कडुनिंबापर्यंत. आम्हाला कुठे बघावं कळेना. शीलाताईंनाच राहवलं नाही.

"वस्ताद, हा तिसरा पाय?"

"सहा किलोचा," ते म्हणाले. "तुह्या बेरजेहून कमीच हाय."

सगळ्यांच्या आधी शीलाताईच हसल्या. मग वस्ताद म्हणाले, "चला, पवित्रा घ्या," आणि गेलेल्या मुलींपैकी बऱ्याच जणी त्या आठवड्यात परतल्या.

त्यानंतर दोन हिवाळे त्यांनी कडुनिंबाखाली एकाच जागी उभं राहून शिकवलं. लाठीचं टोक अंगठ्याने सरकवणं आता जमत नसे. त्यासाठी एका पायावर उभं राहावं लागतं. कुणी लाठीवर रेललं की लांबूनच विचारायचे, "किती देऊन राह्यली वं?" मुलगी अंदाजाने म्हणायची, "दहा." ते म्हणायचे, "तुले त्याची गरज नाई. वापस घे." ती सरळ व्हायची.

गेल्या उन्हाळ्यात वस्ताद गेले. झोपेतच.

आम्ही अजून जमतो. मोठ्या मुली लहान मुलींना शिकवतात. मी अजूनही थोडा डावीकडे कलतो, पण आता मला ते कळतं. परवा कडुनिंबाजवळ उभा होतो, तर पायाखाली खळगा लागला. वाटीएवढाही नाही. ते उभे राहत त्या जागी, लाठीच्या टोकाने पडलेला. एक पावसाळा होऊनही बुजला नव्हता. मी अंगठ्याने चाचपून पाहिलं.

फार खोल नव्हता. सहा किलोने कितीसा खोल होणार.