एक्याण्णवावा पेरू

चिटगुप्प्याच्या करोडगिरीच्या, म्हंजी जकातीच्या, नाक्यावरचा मुनशी पेरूच्या ढिगाची खालची एकच ओळ मोजायचा आन् डोळे मिटून सगळ्या ढिगाचा आकडा सांगायचा. मी पेरू इकणारा, दुसरी फेल, पर मोजणीत कुणाला हार जात न्हाई. डोक्यावरच्या पटक्याची पैज लावली. खाली सहा-सहाचा चौकोन, वर पाच-पाचाचा, असं करत शेंड्याला एक पेरू.

“सहा गुणिले सात, गुणिले तेरा, भागिले सहा. एक्याण्णव, अप्पा!”

मी ढीग मोडून मोजला. पन्नास झाल्यावर आमच्या रीतीनं ढिगातलाच एक पेरू खुणेला मांडीवर घेतला. भरले नव्वद.

“हरलात, मुनशीजी!”

“आन् मांडीवरचा?”

मी पटका सोडाय लागलो. त्यानं हात धरला, तोच पेरू फोडून अर्धा मला दिला. खाल्ला मी. पर आजबी सांगतो, नव्वदच होते. खुणेचा कुणी मोजत असतंय व्हय?