वापसीच्या केळ्यांचा जॅम

रेक्टरबाईंनी बाटली माझ्यापुढे सरकवली आणि चमचा दिला. "तुम्हीच खाऊन बघा."

खाल्लं. दात आंबले.

"मुलींनी पोळ्या तशाच टाकल्या. पुढची ऑर्डर विसरा."

शिरपूरच्या त्या होस्टेलची ऑर्डर वर्षभराची होती. ही पहिलीच खेप. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी फळप्रक्रियेचा ट्रेनर होतो. डागी किंवा बारीक म्हणून व्यापारी जो माल नाकारतो, त्याला वापसी म्हणतात. ती केळी गुरांपुढे जायची. जवळच्या खेड्यातल्या सुमनअक्काला आणि तिच्याबरोबरच्या आठ जणींना मी त्या केळ्यांचा जॅम करायला शिकवलं. अक्कानं उभी हयात डोक्यावर घड वाहिले होते. मान कायमची धरलेली. जॅमचं शेड चाललं की ते ओझं सुटणार होतं.

केळ्याला आंबटपणा कमी, म्हणून जॅम टिकायला लिंबूसत्त्व घालावं लागतं. बाटल्या भरण्याआधी चाखायचं, हा नियम. पहिल्या खेपेला मी हजर होतो. चमचा पुढे केला, तर अक्का मागे सरली.

"पयली खेप शे, साहेब. देवीले निवद दखाडाबिगर तोंडले कशी लावसूत?"

देवीला जायचं मंगळवारी, मालाची गाडी सोमवारीच येणार. मी तरी चाखायचं होतं. पण बायकांचं मन मोडवेना, आणि माझ्या एसटीचीही वेळ झाली होती. चमचा तसाच ठेवला.

होस्टेलमधून निघालो तो थेट शेडवर गेलो. फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: लिंबूसत्त्व एकशे चाळीस ग्रॅम. वही काढून पाहिली. चाळीस.

अक्का दारातच उभी होती. बातमी आधीच पोचली होती.

"बठ्ठी चूक मनी शे, साहेब. मीच चाखू दिधं नही. बायास्ले काही बोलू नका."

मी वही मिटून पिशवीत टाकली. ती गेल्यावर फळा पुसला.

ऑफिसात आमचे साहेब म्हणाले, "कारण एका ओळीत द्या."

"बाटल्या भरण्यापूर्वी चव तपासली नाही," असं लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं.

शेड बंद पडलं. पुढच्या हंगामात एसटीतून अक्का दिसली. डोक्यावर घड, मान एका बाजूला कललेली. तिनं मला ओळखलं, हसलीसुद्धा. मला इतकी लाज वाटली की मी तोंड फिरवलं.

नंतर खूप गावांत शिकवलं. निवद मागाहून दाखवा, आधी चाखा, असं प्रत्येक वर्गात ठणकावून सांगतो. उदाहरण अक्काचंच देतो. फळ्यावरचा आकडा सांगत नाही.