डोमाजी मिस्त्रींची छत्रीवाली शेगडी

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. आपण आपलं काम करत असतो आणि ते आपले साचत जातात. मग कधीतरी थंडीत एखादा जुना सोबती भेटतो, चहा होतो, तो म्हणतो, "तो धानाचा किस्सा सांग ना बे!" आणि एकामागून एक सगळे बाहेर पडतात.

माझ्याकडचे सगळे किस्से एकाच वर्कशॉपातले. तुमसरला राइस मिलांच्या मागं डोमाजी मिस्त्रींचं टिनाचं वर्कशॉप होतं. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. मी करडी गावचा, नुकतीच आयटीआय पास झालेला फिटर. वेल्डिंगला रहीमभाई. आणि स्वतः मिस्त्री. साठीला टेकलेले, काटक, बोलता बोलता मधेच थांबून कुठंतरी बघत राहणारे. आपण हाक मारावी तर म्हणायचे, "थांब गा, येऊन राहिलो." म्हणजे समोरच बसलेले, पण येऊन राहिले!

मिलमधून निघणाऱ्या धानाच्या भुशाला तेव्हा कोणी विचारत नसे. मिस्त्रींनी त्यातून उघड्यावर ठेवायची शेगडी काढली. अर्धा ड्रम, खाली बाजूला एक भोक. ड्रमच्या मधोमध पाइप उभा धरायचा, भोवती भुसा ठोकून भरायचा, पाइप अलगद ओढून घ्यायचा. त्या पोकळीत खालून विस्तव लावला की चार-पाच तास भुसा निवांत धुमसतो. वर तीन सळयांवर पत्र्याची छत्री, म्हणजे ऊब आभाळात न जाता माणसांकडं वळते. लोक तिला छत्रीवाली शेगडीच म्हणू लागले.

पण शेगडी बनवणं हे अर्धंच काम, असं मिस्त्री म्हणायचे. बसवायच्या आदल्या दिवशी, ज्या वेळी शेगडी लागणार त्याच वेळी, ते त्या जागेवर जाऊन डोळे मिटून बसत. मी एकदा विचारलं, "मिस्त्री, नकाशा काढून नाही होत का?"

"थंडी कोणीकडून येते, हे कागदावर नाही समजत गा शालिक. तिच्यात जाऊन बसा लागते."

* * *

पहिली शेगडी एका राइस मिलच्या पटांगणात बसवायची होती. तिथं बाया उजाडल्यापासून उकडलेलं धान वाळत घालत. धान गरम, पण पाय ओले आणि वारा बोचरा. त्यांच्यातली गिरजाबाई सगळ्यांत जुनी. तिनंच शेठजींना सांगितलं होतं, "शेठ, पाय बधिर झाले त आमी काम करू कशा?"

शेठजी म्हणाले, "शेगडी भुशाच्या ढिगाजवळ ठेवा. भुसा तिथंच आहे!"

मिस्त्री म्हणाले, "मंग आग बी तिथंच राहील, शेठजी!"

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मिस्त्री पटांगणाच्या मधोमध पोतं टाकून डोळे मिटून बसले. धुकं इतकं की मिलची चिमणी अर्धीच दिसत होती. वारा हलका. धानाचा गोडसर वास. मिस्त्रींना लागली झोप! बाया आल्या, त्यांनी पाहिलं, एकमेकींना खुणावलं, आणि काही न बोलता त्यांच्या चारही बाजूंनी धान पसरून मोकळ्या झाल्या.

मिस्त्रींनी डोळे उघडले तेव्हा ऊन आलं होतं. सगळीकडं पिवळंधमक धान, वाफा निघत असलेलं, आणि मधे पोत्यावर ते एकटे. पाय ठेवायला बोटभर जागा नाही. ओल्या धानावर पाय दिला तर दाणा फुटतो!

"हालू नका जी मिस्त्री," गिरजाबाई लांबून ओरडली, "दुपारपर्यंत वाळते!"

मी काठावरून विचारलं, "मिस्त्री, थंडी कोणीकडून येऊन राहिली?"

"थंडी गेली गा," ते तिथूनच म्हणाले. "आता ऊन कोणीकडून येऊन राहिलं, तेवढं समजलं!"

* * *

आमच्या करडीच्या सरपंचांनी पंचायतीच्या अंगणासाठी शेगडी सांगितली. मिस्त्रींची शेगडी नेहमी तीन पायांची. सरपंच अडून बसले, "चार पाय पाहिजेत. खुर्चीले चार राहतात, खाटेले चार राहतात, गाईले चार राहतात. आमच्याच शेगडीले तीन काहून?"

मिस्त्रींनी समजावलं की जमीन उंचसखल असली तरी तीन पाय डगमगत नाहीत. चार पायांतला एक कुठं ना कुठं अधांतरी राहतो. विस्तव भरलेली वस्तू डगमगून कशी चालेल? पण सरपंच ऐकेनात. शेवटी रहीमभाईंनी मुकाट्यानं चौथा पाय जोडला.

बैठकीच्या दिवशी शेगडी अंगणात ठेवली. लगेच टकटक, टकटक. मिस्त्रींनी ती पेटवूच दिली नाही. सरपंच तिच्याकडं बघत, विचार करत, आपल्या खुर्चीत मागं रेलले. त्यांची खुर्चीही वाजली. टकटक!

सगळी पंचायत खुर्चीकडं बघू लागली. सरपंचांनी वाकून खुर्चीचे पाय पाहिले. मग म्हणाले, "रहीमभाई, शेगडीचा पाय काढा." आणि थोडं थांबून, "अन् आरी आणली असन त या खुर्चीचा बी काढून टाका!"

* * *

आमच्या मोहल्ल्यातल्या विहाराच्या अंगणात रोज पहाटे वंदना असायची. पांढऱ्या साड्या नेसलेल्या म्हाताऱ्या बाया थंडीत कुडकुडत. माझ्या आईनंच हट्ट धरला म्हणून तिथं शेगडी बसवली. मिस्त्रींनी भोवती दोन हातांवर चुन्याचं रिंगण मारलं. "याच्या आत पदर नाही आला पाहिजे."

पण चुन्याची रेघ कोण मानतो? हात शेकायला बाया आतच जात. आई दोन दिवस बघत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं त्या रिंगणावर रांगोळी काढली. चांगली हातभर रुंद, कमळांची वेल. झालं! एकही बाई आत गेली नाही. रांगोळीवर पाय कोण देणार?

मिस्त्रींनी ते पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी रहीमभाईंना म्हणाले, "तुमचा हात स्थिर आहे. रांगोळी शिकून घ्या."

रहीमभाई माझ्या आईकडं येऊन बसले. पहिल्या आठवड्यात कमळं कोबीसारखी यायची. पण वेल्डिंगची रेघ सरळ ओढणारा माणूस तो! महिन्याभरात अशी वेल काढू लागले की बघत राहावं.

तुमसरला एका मुंजीत त्यांनी अंगणात शेगडीभोवती रांगोळी घातली. बाया थंडी विसरून रांगोळीच पाहत उभ्या राहिल्या. एक आजीबाई यजमानीणबाईंना म्हणाल्या, "कोणाच्या सुनेचा हात आहे वं? मोठी गुणाची दिसते!"

रहीमभाईंनी रांगोळीनं भरलेले दोन्ही हात मागं बांधले आणि हळूच म्हणाले, "जी, मायके गई है!"

* * *

प्रत्येक शेगडीशेजारी रेतीची बादली पाहिजेच, हा मिस्त्रींचा आणखी एक कायदा. एका डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर रोगी सकाळी बाहेरच बसत, तिथं आम्ही शेगडी आणि बादली देऊन आलो. पंधरा दिवसांनी मिस्त्री तपासायला गेले. मीही सोबत. आमच्या डोळ्यांसमोर वाऱ्यानं एका माणसाच्या हातातला पेपर उडाला, शेगडीला चिकटला आणि भडकला.

"बादली!" मिस्त्री ओरडले. कंपाउंडर धावला, बादली उचलली, फेकायला हात मागं घेतला आणि तसाच थांबला. बादलीत तुळस होती! मंजिऱ्या आलेली, कुंकू लावलेली.

आता तुळस कोण आगीवर फेकेल? मिस्त्रींनी चपलेनं पेपर विझवला. चप्पल जळाली, तळवाही भाजला. डॉक्टरांच्या पत्नी आतून मलम घेऊन धावत आल्या, ओशाळल्या, आणि म्हणाल्या, "मिस्त्री, रेती काही वाया नाही जाऊ दिली हो. अर्धी माती टाकली अन् पाणी त रोज देत होतो!"

* * *

पण सगळं काही हसण्यावारी गेलं असं नाही.

डिसेंबरातलं एक लग्न होतं, संध्याकाळचं. मांडवात चार शेगड्या. मिस्त्रींनी बांबूनं उंची मोजली, वरचं कापड बांधून वर घ्यायला लावलं, आणि यजमानांना बजावलं, "दोन बाजूंच्या कनाती उघड्याच ठेवा. या शेगडीचा धूर दिसत नाही म्हणून तो नाही, असं नका समजू."

आम्ही मागं जेवायला बसलो. तिकडं नवऱ्या मुलाच्या मामांना वारा लागला. त्यांनी चारही कनाती सोडल्या. आत कोणी एक गुरुजी आशीर्वादाचं भाषण करत होते. ते बराच वेळ चाललं.

मिस्त्रींचा हात ताटातच थांबला. ते पुन्हा कुठंतरी बघत होते. मग हळूच म्हणाले, "शालिक, आत कोणी खोकलून बी नाही राहिलं."

आम्ही धावलो. आत तीन-चारशे माणसं बसल्या जागी माना टाकून पेंगत होती. नवरी नवऱ्याच्या खांद्यावर. बत्त्यांचा पिवळा उजेड, अत्तराचा वास, आणि सगळं असं शांत, की क्षणभर मलाही तिथंच बसून घ्यावंसं वाटलं! मिस्त्रींनी माझ्या दंडाला धरून ओढलं आणि विळ्यानं कनातीचे दोर सपासप कापले. थंड वारा आत घुसला. लोक हलले. कोणाचं डोकं दुखत होतं, कोणी ओकलं. एका म्हाताऱ्याला आम्ही निंबाखाली उचलून आणलं. तो डोळे उघडेपर्यंत मिस्त्री त्याच्या छातीवर हात ठेवून बसले होते.

सगळे शुद्धीवर आले. एक आजी डोळे चोळत म्हणाली, "शेगडीनं झालं होय हे? मले वाटलं, गुरुजीच्या भाषणानं!"

गुरुजी माइकला धरून खाली बसले होते आणि पुटपुटत होते, "... अन् शेवटी एवढंच सांगतो..."

मिस्त्री त्या दिवशी हसले नाहीत. त्यानंतर कनाती बांधल्या की ते शेगडी उचलून परत आणत. यजमान कोणी का असेना.

* * *

आणि हा शेवटचा.

एका गावच्या तलावाच्या पाळीवर आम्ही शेगडी बसवली होती. मासे धरणारी ढिवर मंडळी सकाळी जाळी काढून गारठून यायची, त्यांच्यासाठी. महिन्याभरानं मिस्त्री आणि मी तपासायला गेलो, तर पाळीवर माणसं गोळा झालेली. गणपतजी नावाचे एक म्हातारे डोंगा घेऊन पहाटे पाण्यात गेले होते, ते आलेच नव्हते. आठ वाजून गेले होते. धुकं असं की पाण्याची कडही दिसेना. लोक हाका मारत होते, पण त्या धुक्यात हाक चारही बाजूंनी आल्यासारखी वाटायची. माणूस उलट भलतीकडं जायचा. तलाव मोठा, मधे बुडालेल्या झाडांची खुंटं, आणि डोंगा जुना.

त्यांची बायको अनुसयाबाई शेगडीजवळ बसून होती. तिनं मिस्त्रींकडं नुसतं पाहिलं.

मिस्त्रींनी ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं. मग पळसाच्या ओल्या पानांचा भारा आणायची मला खूण केली. ओलं काही शेगडीत घालायचं नाही, हे त्यांनीच आम्हाला घोकून शिकवलेलं. पण त्यांनी स्वतःच्या हातानं पानं विस्तवावर टाकली. दाट धूर उठला, छत्रीला लागून खाली वळला आणि पाण्यावरून धुक्यात सरकत गेला. मिस्त्री पोतं टाकून, तलावाकडं तोंड करून, डोळे मिटून बसले. आम्ही सगळे बसलो. मिस्त्रींसकट कोणी शब्द काढला नाही. अर्धा तास झाला असेल, जास्तही असेल.

मग पाण्यावर डुबुक डुबुक झालं, आणि धुक्यातून डोंग्याचं टोक बाहेर आलं. सरळ शेगडीच्या समोर.

अनुसयाबाई कमरेएवढ्या पाण्यात गेली. दोघांनी मिळून म्हाताऱ्याला वर आणलं. पाय निळे पडले होते. मी म्हटलं, "गणपतजी, धुराचा वास आला म्हणून दिशा सापडली ना?"

"धूर?" ते म्हणाले. "धूरबीर नाही जी आला मले. नाक बंद आहे चार रोजापासून." आणि त्यांनी मिस्त्रींकडं बोट दाखवलं. "हे बोलावून नव्हते राहिले का मघापासून? 'इकडं या जी, इकडं गरम आहे', 'इकडं या जी, इकडं गरम आहे'. त्या आवाजावर आलो मी."

आम्ही मिस्त्रींकडं पाहिलं. ते हळूच बाजूला सरकले, आपल्या जागेवर पोतं नीट केलं आणि म्हणाले,

"बसा गणपतजी. पहिले पाय शेका."